घंटागाडीतला अंतरा

थांबा, थांबा नेमसिंगभाऊ, गिअर नका टाकू — कचरा हाये ना अजून! हे घ्या, वांग्याचे देठ. आता कांद्याची सालं आणतो — एकेकच आणीन, हो, ओला येगळा, सुका येगळा, तुमच्याच भोंग्यात गाऊन राह्यलो ना मी ते! मी म्हंजे मीच, चारुदत्त मास्तर. आवाज ओळखला नाई? कसा ओळखान, भोंगा फाटका.

रोज कायले थांबवतो म्हंता? सांगतो. नगरपरिषदेचा गायनवर्ग होता का नाई, वाचनालयाच्या वर — पेटी, तबला, सतरंजी? बजेटले कैची लागली त पयले आमच्यावरच. सायेब म्हणे, मास्तर, संस्कृतीले पैसा नाई, स्वच्छतेले हाये. मी म्हटलं, मंग स्वच्छतेत टाका आम्हाले! झालं — पेटी गेली फिनाईलच्या खोलीत अन् आम्ही तुमच्या गाडीत. भूपात बांधलं गाणं — हसू नका, कचऱ्याले काय राग नसते? पण तुम्ही दारापुढं थांबले का बटण दाबता, 'कचरा द्या हो' झालं का बंद, पुढच्या दारी पुन्हा तेच. सारं गाव मुखडाच ऐकून राह्यलं. अन् अंतरा?

अंतरा ममताचा हाये, भाऊ, मायाच वर्गातली ते. मुखडा म्या ओढला कसातरी, पण ते गायली त माया हात पेटीवर तसाच राह्यला. गावानं तिचा एक सूर नाई ऐकला. आज तिची सासू आली घाटंजीहून — ते पाहा दोघी माह्या ओट्यावर, बुढीनं हातातली पिशवीही नाई सोडली. म्हंते, वर्गाच्या नावानं सून गावभर फिरत होती, गायली त दाखव कुठी गायली. म्हणून थांबा म्हंतो. कचरा पुरला नाई त शेजारच्या वामनरावाचा मांगून आणला सकाळी — त्या दोघीले नका सांगू.

हं, लावा. पयले मी... मायाकडं ध्यान नका देऊ. आता पाहा, आला — आला अंतरा — अरे! काहून बंद पडलं? इंजिन बंद केलं? निवांत आयकाले? भल्या माणसा, भोंगा इंजिनावरच चालते ना तुमचा! नका, नका लावू आता. पुन्हा पयल्यापासून माया आवाज — कटाळलं गाव त्याले, मीही कटाळलो.

ममता, ये इकडं. हो, रस्त्यावर. म्हण अंतरा. मावशी, पिशवी ठेवा खाली. नेमसिंगभाऊ, मायी बादली धरा — अन् चूप. सारे चूप.