मागच्या पानांवरची नावं

माझं नाव टाकू नको म्हणलं होतं ना तुला, सुधाकर? नेकनूरच्या स्टँडवर, चहा पिता पिता, एकदा न्हाई, दहादा म्हणलं होतं. तरी टाकलंस. आता बोल की.

बसलेल्या मंडळींनो, माफ करा. आधी नमस्कार करायचा असतो, एवढं मला कळतं. आयाबायांना, वडीलधाऱ्यांना, पुढच्या खुर्चीवरच्या चेअरमन साहेबांनाही नमस्कार. पण ज्याच्याशी भांडण अर्धं राहिलंय त्याच्याबद्दल गोड कसं बोलायचं, ते मला येत नाही. मी गुजरातेत मोरबीला टाइलच्या कारखान्यात आहे. शोकसभेला यायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून लिहून पाठवलंय आणि सुधाकरची बहीण लीलाताई वाचतीय. ताई, "एका मित्रानं कळवलंय" असं म्हणायचं नाही. नामदेवनं कळवलंय, असं म्हणायचं. आणि मधेच कुणी माईक मागितला तर देऊ नको.

सुधाकर आपल्या दूध सोसायटीवर पीएच.डी. करत होता. दुष्काळात सोसायटी कशी चालली, हा विषय. प्रबंध लिहून झाला आणि कावीळ झाली. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलेला माणूस परत आला नाही.

मी सातवीत शाळा सोडली. प्रबंध काय असतो ते त्यानंच सांगितलं. म्हणला, शेवटी यादी असते. पुस्तकातून घेतलं तर लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, कुणी छापलं, कोणत्या साली. पेपरातून घेतलं तर पेपरचं नाव आणि तारीख. सरकारी अहवाल असला तर खात्याचं नाव. आणि तोंडी ऐकलं असलं तर सांगणाऱ्याचं नाव, गाव, कधी सांगितलं ते. मी म्हणलं, हे तर कोर्टात साक्षीदार उभा केल्यासारखं झालं.

"तसंच हाय बे," म्हणला, आणि हसला. हसायला काय जात होतं त्याचं?

दुष्काळाच्या वर्षी मी संकलन केंद्रावर दूध मोजायला होतो. सभासदांच्या जनावरांसाठी सरकी पेंडीचा ट्रक आला. केंद्रावर थांबलाच नाही, सरळ चेअरमन साहेबांच्या मळ्यात गेला. मी बघितलं. अर्ध्या गावानं बघितलं. पण आपल्या गावाची बोलायची तऱ्हा ठाऊक आहे ना? लोक म्हणतेत. आसं कानावर आलंय. कोण लोक? कुणाच्या कानावर?  सुधाकर दारोदार तेच विचारत फिरला. कुणी बघितलं? नाव सांगा.

पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारे मूसाचाचा तेवढे पुढं आले. त्या दिवशी मळ्यात मोटार बघायला गेलते, पोती उतरताना त्यांनी बघितली. म्हणाले, "लिख बेटा. मेरा नाम लिख, बाप का बी लिख. गाँव में दो मूसा हैं, दूसरे को कायको लटकाना?"

आणि दुसरं नाव माझं. मी तर चहावर बोललो होतो. कच्चा मजकूर मार्गदर्शक सरांकडं गेला. सरांनी तो चेअरमन साहेबांना दाखवला. काहून दाखवला, ते सरांनाच ठाऊक. केंद्रावर गेलो तर माझ्या जागी दुसराच उभा. कारण विचारलं तर सेक्रेटरी म्हणला, लोक म्हणतेत तू मापात मारतो. लोक म्हणतेत!

सुधाकरला फोन करून नाही नाही ते बोललो. नाव काढ म्हणलं. त्याचे सरही तेच सांगत होते. मुलाखती काढ, सोसायटीची स्मरणिका छापील आहे, तिचा आधार घे. त्या स्मरणिकेत काय आहे? पेंड सगळ्यांना सारखी वाटून दिली, असं चेअरमन साहेबांचं मनोगत आहे. सुधाकर म्हणला, "स्मरणिका यादीत हाय, नाम्या. तूबी हायस. वाचणारा ठरवील. पण तुझं नाव काढलं की तिचं खरं होतं आन तुझी अफवा."

मी फोन कट केला. बॅग भरली.

आता ताई सांगते की सोसायटी प्रबंध छापणार, सुधाकरच्या आठवणीसाठी. फक्त मागच्या पानांवरची मुलाखतींची नावं गाळायची. "काही सभासदांच्या मते" एवढंच ठेवायचं. का, तर आम्हाला त्रास होऊ नये.

साहेब, माझा त्रास होऊन गेला. मोरबीहून तुम्ही मला आणखी कुठं पाठवणार? स्मरणिका राहणार, तुमचं मनोगत पान नंबरासकट राहणार, आणि मूसाचाचा "काही सभासद"? चाचा तर सभासदसुद्धा नाहीत.

सुधाकर, मला विचारायला पाहिजे होतंस. न विचारता टाकलंस, त्याचा राग आहे आणि राहणार. पण टाकलंस ना? मग आता ते कुणाच्या बापाला काढू देणार नाही.

ताई, प्रत तुझ्याकडं आहे. सोसायटीला देऊ नको. बीडला छापून घे, मागच्या पानांसकट.

मंडळी, आता दोन मिनिटं उभं राहायचं. पण आधी, ज्यानं ट्रक बघितला त्यानं आपलं नाव मोठ्यानं घ्यावं. मग गप्प राहावं. तसली शांतता सुधाकरला चालेल. पहिलं नाव मी घेतो. मी नामदेव किसन, दूध मोजणारा. ट्रक मी बघितला.

छपाईसाठी माझे साडेतीन हजार रुपये पाठवतोय.