सभासद क्रमांक एक

(वसईतल्या एका पानवेलींच्या वाडीतलं विठ्ठलमंदिर. १९८० साल, पाडव्याच्या आदल्या दिवशीचा रविवार, उन्हं कलताना.)

कोठारे : म्हणजे या फॉर्मवरचं हे अक्षर तुमचंच, दिवाकरराव? मालकाचं नाव, श्री विठ्ठल-रखुमाई?

दिवाकर : माझंच. देवळाचा वहिवाटदार म्हणून सही मी केली. नाव मालकाचं लिहिलं.

कोठारे : मालकाचा व्यवसाय?

दिवाकर : विटेवर उभे राहणे.

कोठारे : आणि इतर वाहने असल्यास?

दिवाकर : गरुड.

सेबॅस्टियन : मी बोललेलो, दिवाकरभाऊ, तिकडं रेघ मारा म्हनून.

दिवाकर : जन्मतारखेपुढे मारली ना. जे ठाऊक आहे तिथे रेघ कशी मारू?

कोठारे : अहो, सबंध हिंदुस्थानात हॅलिडन स्पोर्ट्स मोटारी एकवीस. त्या एकवीस मालकांचा आमचा क्लब, मी सेक्रेटरी. तुमचा फॉर्म मीटिंगमध्ये वाचला, तेव्हा कर्नलसाहेबांचा चहा बशीत सांडला. कुणीतरी चेष्टा केलीय म्हणाले, फाडून टाका.

दिवाकर : चेष्टा कशी? गाडीचं सरकारी पुस्तक बघा. जुने मालक गेल्यावर त्यांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी गाडी देवाला दिली, ती देवाच्याच नावावर चढली. मी पाच एकर पानवेलींचा माणूस. उद्या कुणी विचारलं, ही लाल मोटार तुझी का, तर मी कोणत्या तोंडाने हो म्हणू?

कोठारे : बरं, तुम्हाला क्लब हवाय कशाला?

सेबॅस्टियन : वॉटर पंप पायजे, साहेब. मी ड्रायवर, मीच मेकॅनिक, माणिकपूरला माझं गॅरेज हाय. नऊ वर्सं गाडी मीच बघतो. आधी पानी गळायचं तर भरलेली बादली संगती ठेवून जायचो. गेल्या आठवड्यात आगाशीला पंप पुरता बसला. मुंबईत कोनतरी म्हनालं, हॅलिडनचे तीन पंप उरलेत, तुमच्या कपाटात. आनि ते मेंबरालाच भेटतात.

कोठारे : ते खरं आहे. पण देवाला मोटार लागते कशाला?

दिवाकर : देवाला नाही, त्रिंबकबुवांना. आमचे कीर्तनकार. शहात्तर वय, गुडघे पार गेले. एस.टी.ची पायरी चढवत नाही, टॅक्सीच्या दारातून वाकून शिरता येत नाही. या गाडीला छप्पर नाही ना, म्हणून आम्ही दोघे त्यांना खुर्चीतून उचलतो आणि वरूनच अलगद सीटवर ठेवतो.

सेबॅस्टियन : अंड्यासारखं.

दिवाकर : उद्यापासून चंदनसारला रामनवमीचं नवरात्र. नऊ कीर्तनं. बुवा काल म्हणाले, दिवाकर, गाडी निघाली नाही तर देवाची खूण समजू. झांजा धुऊन पुसून कपाटात ठेवतो. गंमत म्हणून नाही म्हणाले. झांजा धुऊन वाळत घातल्यात, ओट्यावर बघा.

कोठारे : दिसल्या.

सेबॅस्टियन : माझी आई बोलते, बुवा गप झाले तर आमच्या पण गल्लीत सुनं लागंल. आमी आगगाडीसारखे टायमावर दर रविवारी चर्चात मिस्साला जातो, ते येगळं.

कोठारे : पण नियमही ऐका. मालकाने वर्षातून एकदा मेळाव्याला गाडीत बसून स्वतः यायचं. तुमचा मालक कसा येणार?

दिवाकर : त्याची काळजी नको. बुवा जिथे उभे राहतात तिथे तो असतोच. बुवांना मेळाव्याला घेऊन येऊ.

कोठारे : गाडी दोन सीटची. एकीवर हा ड्रायव्हर, दुसरीवर बुवा. मालक बसणार कुठे?

सेबॅस्टियन : तो बसतो कुठं, साहेब? उभाच असतो ना. ऱ्हाईल मागं.

कोठारे : सेबॅस्टियन, तू जरा थांब. मला हसायचं नाहीये. दिवाकरराव, खरं सांगतो, बाकीचे तो फॉर्म फाडायला निघाले, पण मी त्यावरचा गाडीचा नंबर वाचला. ही विजयकरसाहेबांची गाडी. आमचा क्लब त्यांनी काढला, सभासद क्रमांक एक ते. ते गेल्यावर बाईंनी गाडी कुठे दिली, सांगितलंच नाही. भंगारात गेली समजून आम्ही गप्प बसलो.

दिवाकर : बाईंना वाटलं असेल, तुम्ही हसाल.

कोठारे : हसलोच असतो. साहेब रविवारच्या आमच्या फेरीला यायचे बंद झाले. विचारलं की म्हणायचे, वसईला काम आहे. आम्ही आपसात म्हणायचो, म्हाताऱ्याचं तिकडे काही प्रकरण आहे.

सेबॅस्टियन : होतं ना. झांजा वाजवायचं ते.

दिवाकर : साहेब बुवांच्या कीर्तनाच्या वेळी त्या बकुळीखाली गाडी लावायचे. इंजिन बंद, चिरूट विझवलेला. मी दर रविवारी सांगायचो, साहेब, आत या. ते म्हणायचे, जन्मभर कीर्तनाला नावं ठेवली, आता पुढे कुठे येऊन बसू? इथून ऐकू येतं. अकरा वर्षं तिथूनच ऐकलं.

कोठारे : आत आलेच नाहीत?

दिवाकर : नाही. गेले त्याच्या आदल्या रविवारीही तिथेच होते.

कोठारे : सेबॅस्टियन, माझ्या गाडीच्या डिकीत खोकं आहे, ते काढ. पंप आहे.

सेबॅस्टियन : साहेब, पंप घेऊनच आलेलात?

कोठारे : आणला होता. द्यायचा की नाही ते इथे येऊन ठरवणार होतो.

दिवाकर : आणि तुमची कमिटी?

कोठारे : चौथा नियम साहेबांच्याच हातचा आहे. गाडी ज्याच्याकडे गेली, सभासद नंबरही त्याच्याकडे जाईल. एक नंबर आम्ही कुणाला दिला नव्हता. लिहा, सभासद क्रमांक एक, श्री विठ्ठल-रखुमाई. गरुड राहू द्या. कर्नलसाहेबांना मी सांगेन.

सेबॅस्टियन : दिवेलागनीपर्यंत बसवतो. सकाळी बुवांना चंदनसारला.

दिवाकर : कोठारेसाहेब, चहा घेऊन जा. आणि थांबत असाल तर दिवे लागले की इथे कीर्तन आहे. आत पुढची सतरंजी मोकळीच असते.

कोठारे : थांबतो. पण आत नको. मी गाडीतच बसून ऐकतो.

दिवाकर : मग गाडी जरा पुढे घ्या, बकुळीखाली. बुवांना तिथपर्यंत आवाज लावायची सवय आहे.