पलंगामागचं भोक

मंडळी, आधी एक सांगा. दुसऱ्याची वस्तू वापरायला घेतली, तर परत कशी द्यायची?

— जशी होती तशी! बघा, कसे सगळे एका सुरात बोललात! आरतीला एवढा सूर लागत नाही तुमचा! आणि बोललात ते बरोबरच आहे. शहाणी माणसं आहात. पण तुमचा हा शहाणपणा मी आज जरा हलवून बघणार आहे. पक्का बसलाय का डुगडुगतोय, बघू! पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. डुलक्या नकोत.

तर ऐका. बार्शीत एक श्रीरंग पिंपळे होते. वाचनालयात कारकून. छत्तीस वर्षं एकच काम — परत आलेलं पुस्तक पान न् पान तपासायचं. कोपरा दुमडलाय? चहाचा डाग? पेन्सिलीची रेघ? "अहो, जसं नेलंत तसं आणा की!" कोणाला म्हणायचे? सगळ्यांना! तहसीलदाराला सुद्धा! रेघ दिसली की त्याच्याच हातात खोडरबर द्यायचे आणि समोरच्या बाकावर बसवून खोडायला लावायचे, हो! लोक वैतागायचे, पण नाव ठेवायला जागा नव्हती.

हे श्रीरंगकाका आणि त्यांची बायको कुमुद, एकवीस वर्षं बागलांच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. पलीकडच्या खोलीत घरमालकीण, गयाकाकू बागल. ऐंशी पार केलेल्या, एकट्या. मध्ये एकच भिंत. मुलगा उद्धव पिंपरीला. आता काका रिटायर झाले, लेकीनं लातूरला बोलावलं, जायचं ठरलं. आणि उद्धवचा फोन आला — "काका, नवीन भाडेकरू रविवारी येतायत. भिंतींची भोकं तेवढी बुजवा. घर होतं तसं द्या, म्हणजे झालं."

घर होतं तसं द्या! सोपं आहे ना? वाटतंय सोपं!

काकांनी ट्रंकेतून एक कागद काढला. राहायला आले त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलेला, एक प्रत बागलांनाही दिलेली. 'नळ गळतो. मागच्या दाराची बिजागरी करकरते. मोरीजवळची फरशी फुटकी. भिंतीला भोक एकही नाही.' आणि खाली — 'घर जसे घेतले तसे परत देईन.' सही, तारीख!

झाली का पंचाईत? नळ तर काकांनी कधीच दुरुस्त केलेला!

"कुमुद, नळ गळता करायचा का गं?"

ती बिचारी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. "काय करायचा?"

"गळता. होता तसा."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मग निदान बिजागरीचं तेल पुसू?"

"तुम्ही आधी ते पोतं शिवा!"

आणि फरशी? फुटकी काढून नवी बसवलेली. ही फोडायची का? काका हातोडा घेऊन त्या फरशीसमोर उकिडवे बसले — चांगली पंधरा मिनिटं! हसा, हसा. पण मला सांगा, घर सोडताना तुमच्यातलं कोण असं बसलं होतं? आपण तर जाता जाता बल्बसुद्धा काढून नेतो!

शेवटी कुमुदकाकूंनीच तोडगा काढला. "चांगलं केलंय ते राहू द्या. बिघडवलंय ते नीट करा." काकांना हे एकदम पटलं. लगेच व्हाईट सिमेंट आणलं. कॅलेंडरचा खिळा, देवाच्या फळीचे चार, मच्छरदाणीचे दोन — सगळे उपटले, सगळी भोकं बुजवली, वरून हात फिरवून गुळगुळीत केली. आणि मग आले पलंगामागच्या भोकापाशी. तिथं मात्र थबकले.

ते भोक आरपार होतं, मंडळी. पार गयाकाकूंच्या खोलीत जाणारं. आठ वर्षांपूर्वी काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा श्रीरंगकाकांनीच छिन्नी-हातोड्यानं भिंत फोडली आणि त्यातून सुतळी ओवली. पलीकडचं टोक काकूंच्या उशाशी. अलीकडच्या टोकाला घंटी, बाजारातनं आणलेली, शेळीच्या गळ्यात असते तसली. एकदा वाजली तर पाणी पाहिजे. दोनदा वाजली तर करमत नाही, बोलायला या. आणि तीनदा वाजली — चप्पल न घालता पळत या!

मोबाईल नव्हता का, असं त्या मागच्या ताई विचारतायत. होता की! उद्धवनंच घेऊन दिलेला. चार्जिंग संपून उशीखाली पडलेला. ताई, तुमच्या आईचा कुठं आहे?

असो. आता काकांचं डोकं गरगरायला लागलं. भिंत फोडली म्हणजे बिघडवली, बुजवायला पाहिजे. पण हे बिघडवलेलं कसं? हे तर चांगलं केलेलं! मग ठेवू? पण कागदावर लिहिलंय, भोक एकही नाही! अख्खा जन्म लोकांकडनं रेघा खोडून घेतल्या, आणि आपणच दुसऱ्याची भिंत फोडून जायचं?

गेले विचारायला. "काकू, ते भोक काय करू?"

गयाकाकू पलंगावर जप करत बसलेल्या. हातातली माळ पुरी केली, मग म्हणाल्या, "बुजव रे श्रीरंगा. माझ्यापायी तुझा शब्द कशाला मोडतोस? नवी माणसं येणार. त्यांना कशाला माझा ताप?"

मालकिणीनंच सांगितलं! झालं, रविवारी सकाळी काकांनी घंटी सोडली, सुतळी कापली, भोक बुजवलं. हात फिरवला. गुळगुळीत! पण मन काही गुळगुळीत होईना. कुमुदला चारदा विचारलं, "बरोबर केलं ना गं?" चारही वेळा तिनं पोत्याची गाठ तेवढी आवळली.

दुपारी टेम्पो आला. कपाट चढवलं, ट्रंक चढवली, आरडाओरडा, धडाधडा आवाज. तीनच्या सुमारास सगळं भरून झालं. नवराबायको काकूंच्या पाया पडायला गेले. दार ढकललं —

काकू जमिनीवर! पलंगाच्या पायाला टेकून बसलेल्या. तांब्या लवंडलेला. जेवण झाल्यावर पाणी घ्यायला वाकल्या त्या घसरल्या. दोन तास तशाच! आणि हातात ती सुतळी, कापलेल्या टोकासकट ओढून घेतलेली.

"काकू! अहो, हाक मारायची!"

"मारली की. तुमचं कपाट चढत होतं."

"आणि ही सुतळी? काकू, भोक तर मी सकाळीच..."

"मला ठाऊक होतं रे. हाताला कुठं ठाऊक! ओढली त्यानं तीनदा."

श्रीरंगकाका तिथंच बसले आणि ढसाढसा रडले, मंडळी. साठीचा माणूस! अनवाणी पळत यायचं ते, आणि दोन तास पलीकडं पोती मोजत होते!

पांडुरंगाची कृपा, हाड शाबूत होतं, कोपर तेवढं सोललेलं. दोघांनी काकूंना उचलून पलंगावर निजवलं, पाणी पाजलं. आणि मग काका उठले, टेम्पोतनं स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि अजून कच्चं असलेलं सिमेंट खरवडायला लागले. पुन्हा आरपार! नवी सुतळी ओवली. बांधलेल्या सामानातनं शोधून घंटी बांधली.

तेवढ्यात उद्धव आला, बरोबर नवे भाडेकरू, मुलाणी नवराबायको. उद्धवनं भिंतीवरून हात फिरवला. खूश! फिरवत फिरवत पलंगाच्या जागेपाशी आला. "काका, हे एक राहिलं बघा."

"राहिलं नाही. ठेवलंय."

"पण तुमचाच कागद आहे ना —"

"आहे. शब्द माझाच आहे, आणि मोडलाय तोही मीच. तू आधी आईकडं जा. पडल्यात त्या."

उद्धवचा चेहरा उतरला. धावतच गेला, बघून परत आला. बाईनं, नर्गिस मुलाणीनं, तोवर घंटी हातात घेऊन विचारलेलं, "हे कशाला हो?" काकांनी सगळं सांगितलं. एकदा, दोनदा, तीनदा. उद्धव दारात उभा राहून ऐकत होता. हळूच म्हणाला, "काका, आठ वर्षांत तीनदा अशी किती वेळा वाजली?"

"मोजलं नाही रे," काका म्हणाले.

आणि घंटी वाजली! टण्, टण्. दोनदा. काकांचा पाय आपोआप उचलला... आणि तसाच थांबला. नर्गिस डोक्यावरची ओढणी सावरत, "आले हं काकू!" म्हणत पलीकडं गेलीसुद्धा.

टेम्पो बार्शीबाहेर पडेपर्यंत काका एकच विचारत होते — "कुमुद, मी घर होतं तसं दिलं का नाही गं?"

"मला नाही बाई कळत," ती म्हणाली. आणि डोळे पुसले.

मलाही कळत नाही, मंडळी! इतकी वर्षं या गादीवर उभं राहून मीच सांगत आलो — देह भाड्याचं घर आहे, डाग न लावता परत करा. तुम्ही माना डोलावल्यात. पण आता माझाच गोंधळ उडालाय. तो वरचा मालक एक दिवस किल्ली मागायला येणार. भिंतीवरून हात फिरवणार. सगळी गुळगुळीत लागली, कुठं एक भोक नाही, तर तो खूश होईल? का विचारेल — "अरे, इतकी वर्षं राहिलास, आणि पलीकडं कोण होतं, ठाऊकच नाही तुला?"

काय सांगाल? आता कसे गप्प झालात!

टाळ्या नकोत मला आज. उठा, घरी जा. आणि आपल्या दाराचं कुलूप काढायच्या आधी शेजारचं दार वाजवा.