हौसाकाकीची दोन ताटं

…नाही, पण मी म्हणतो, संशय घ्यावा ना माणसानं, कोण नको म्हणतंय? पण बायकोनं चहात जरा साखर जास्त टाकली तर "आज काय काम काढलंयस?" असं विचारायचं? तुम्हाला सांगतो, हा आमचा भागोजी! मिरजोळ्याला एका गोदामाच्या गेटवर सत्तावीस वर्षं वॉचमन. येणाऱ्याचा डबा उघड, जाणाऱ्याची पिशवी उलटी कर… निवृत्त होऊन गावाला आला तो ती नजर घेऊनच आला. काही दिसलं की डोळे बारीक, मान तिरकी, आणि ठरलेलं वाक्य: "यात काहीतरी गोम आहे!"

आणि अशा माणसाला आमच्या ग्रामसभेनं काय करावं? देखरेख समितीवर घेतलं! म्हणजे काय, तर निराधारांची पेन्शन, गरिबांचं धान्य हे ज्याला खरंच पाहिजे त्याला पोचतं का, हे गावातल्याच माणसांनी घरोघर जाऊन बघायचं. सरपंचबाई म्हणाल्या, "भागोजीदादा, तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?" दुसरा कोणी असता तर फुलला असता. हा म्हणतो, "एवढ्या गावात मीच का? यात काहीतरी गोम आहे!"

तरी वही घेतलीनच हो. आणि पहिल्याच आठवड्यात गाठली कोणाला, तर हौसाकाकीला. काकी म्हणजे नवरा जाऊन जमाना झालेला, मूलबाळ नाही, वाडीच्या टोकाला घर, निराधारांच्या यादीत नाव. तर हा अंगणात उभा, आणि ओट्यावर धुऊन पालथी घातलेली ताटं… दोन!

"काकी, घरात माणसं किती?"

"मी एकटीच रे. नि ही कोंबडी."

"कोंबडी ताटात जेवते?"

काकी हसली. म्हणाली, "भागोज्या, पाणी देऊ काय रे तुला?"

झालं! विषय बदलला म्हणजे सापडलीच की चोरी! वहीत नोंद: माणूस एक, ताटं दोन. खाली दोन रेघा. मला म्हणतो, "कोणीतरी कमावता माणूस लपवलाय म्हातारीनं. नाव कापायला लावतो की नाही बघ."

मग काय, तीन दिवस भर दुपारी हा काजूच्या झाडामागे! आणि साक्षीदार पाहिजे म्हणून सोबत कोण? मी! मला सांगा, माझं काय चुकलं होतं? तांबडे मुंगळे मानेवरून पाठीत उतरतायत आणि हा कानाशी, "हलू नको. यात गोम आहे!" गोम नाही रे, मुंगळे आहेत!

दोन दिवस आम्ही पोचेपर्यंत जेवणं आटोपलेली; तिसऱ्या दिवशी जरा लवकर जाऊन बसलो, तेव्हा दिसलं. शेजारच्या पडक्या घरातून जनीम्हातारी निघाली. डोळ्यांनी अधू, कानानं जवळजवळ ठार, दगडी गडग्याला धरत धरत, पाऊल चाचपत काकीच्या ओट्यावर येऊन बसली. काकीनं दोन ताटं मांडली. जनीच्या ताटात भाताचा ढीग, स्वतःच्या ताटात दोन घास. वर कुळथाची पिठी. आणि हा आमचा वॉचमन झाडामागून उडी मारून, "सापडलात!"

काकीच्या हातातला वाढायचा डाव खाली पडला. जनीला ऐकू कुठलं येतंय? ती आपली, "कोण आलंय गो? वाढ त्यालापण!"

भागोजी पुढं झाला आणि टोपात डोकावला. सवय हो, दुसरं काय! टोप रिकामा. खरवडून रिकामा.

काकी म्हणाली, "जनीचा अर्ज दोनदा परत आला रे बाबा. वयाचा पुरावा नाय म्हणतात. तिला कोण नाय, मग मी काय करू? माझ्यातलं देते म्हणून माझं नाव कापतोस तर काप."

तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षांत या माणसानं गेटवर कोणापुढं मान खाली घातली नव्हती. "मला भूक नाय" एवढंच बोलला आणि चालायला लागला. वाटेत कोणाच्या पिशवीकडेसुद्धा बघितलं नाही. मीच घाबरलो!

दुसऱ्या दिवशी जनीला घेऊन हा सरकारी दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "आ करा." एकही दात नाही तोंडात! मिळाला वयाचा दाखला. तिथून तालुक्याच्या कचेरीत, मी आहेच मागे पिशवी धरून. टेबलामागे पेन्शनचे अर्ज बघणाऱ्या वेदिका मॅडम. अर्ज वाचला आणि काय विचारलं असेल?

"सांभाळणारं कोणी नाही म्हणता, उत्पन्न काही नाही म्हणता… मग या जगल्या कशा?"

आता आली का पंचाईत! काकी खायला घालते म्हणावं, तर जनीला आधार आहे असं होतं. आणि काकीकडे वाटण्याइतकं आहे म्हटलं, तर यादीतून तिचंही नाव उडालं! तेवढ्यात मॅडमनी भागोजीची वही ओढली. "हे काय? हौसाबाई… माणूस एक, ताटं दोन?"

भागोजीनं वही परत ओढायला बघितली. ज्या माणसानं आयुष्यात नोंद खोटी केली नाही, तो म्हणतो, "एकात भात, एकात पिठी. पातळ असते ना मॅडम… वाहते!"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचा यात काय फायदा?"

बघा! हा प्रश्न आजवर हा जगाला विचारत आला, आणि आता तोच याच्यावर उलटला! शेवटी जनीकडे बोट करून म्हणाला, "काय खाते ते तिलाच विचारा." मॅडम ओरडून विचारतायत, "आजी, काय खाता?" जनीला वाटलं, खायला विचारतायत! ती म्हणाली, "भात नको गो बाय, तुला उगाच त्रास. चहा चालेल."

मॅडमनी शिपायाला हाक मारली. चहा आला, चार खाऱ्या आल्या. जनीनं दोन खाल्ल्या, दोन पदरात बांधल्या. "हौसाला," म्हणाली. मॅडमनी त्या गाठीकडे बघितलं, वही मिटून परत दिली, आणि अर्जावर शिक्का मारला. बाहेर पडताना भागोजी कुजबुजतो, "कचेरीत चहा फुकट? यात काहीतरी…" मी म्हटलं, चल गुमान!

जनीला पेन्शन चालू झाली. गोष्ट संपायला हवी की नाही? पण गाव आहे आमचं! पुढच्या ग्रामसभेत खंडू उठला, "भागोजीनं जनीसाठी एवढ्या खेपा स्वखर्चानं घातल्या? कशासाठी?" झाली कुजबुज. ठराव झाला, भागोजीच्या कामावर देखरेख ठेवायला एक माणूस नेमावा. आणि ठरावाला पहिला हात कोणी वर केला? भागोजीनं! म्हणाला, "बरोबर आहे. मीपण हेच म्हटलं असतं."

नेमलं कोणाला? मला!

काल गेलो ना त्याच्याकडे देखरेखीच्या कागदावर सही घ्यायला. खुर्ची दिलीन, पाणी दिलंन, कागद दोनदा वाचलान. मग पेन खाली ठेवून म्हणतो, "ते सगळं ठीक आहे रे… पण तुझ्यावर कोण नेमलाय?"

म्हटलं, अजून कोणी नाही.

"मग सही नाय करत."

आता उद्या जातोय ग्रामपंचायतीत… माझ्यावर कोणालातरी नेमा म्हणून अर्ज द्यायला!