तिसरी हाक

एकदोन हाकांना ओ देऊ नये, कारण वाट चुकवणारा चकवा तिसऱ्यांदा हाक मारत नाही, ही समजूत अकोल्यापासून मेळघाटापर्यंत आढळते. परतवाड्याकडे चकवा आईच्या आवाजात बोलावतो, चांदूर बाजाराकडे मित्राच्या. चहा संपेपर्यंत मी या समजुतीचा स्कॉटलंडमधील पाठभेदही सांगतो.

साठच्या दशकात चांदूर बाजारचा वामन आणि मी स्कॉटलंडच्या एका दूरच्या बेटावर हॉस्टेलात उतरलो होतो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या वाळूवरून आम्ही समोरच्या टेकाडावर गेलो. परतताना भर दुपारी धुके उतरले, वाट दिसेना आणि भरतीचे पाणी गुडघ्यांपर्यंत चढले.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली, "वामन!"

मी ओ देणार, तोच वामनने माझे तोंड दाबले. "चूप राय! इथं आपल्याले कोन ओयखते? चकवा हाये."

"अबे, हॉस्टेलचा वॉर्डन असन."

"असन तं तिसऱ्यांदा बोलावन."

दुसरी हाक आली आणि सारे शांत झाले. उत्तर ऐकू यावे म्हणून वॉर्डन थांबला होता, हे नंतर कळले. त्या वेळी मात्र लोकसमजुतींचा माझा सारा अभ्यास भीतीपुढे गळून पडला. मीही तिसऱ्या हाकेची वाट पाहू लागलो. पाणी कमरेला लागले.

अखेर वामनच रडकुंडीला येऊन ओरडला, "तिसऱ्यांदा बोलाव ना बाप्पा, बुडून राहिलो आमी!"

वॉर्डनला त्यातले अक्षरही कळले नाही. आवाजाच्या रोखाने तो पाण्यात उतरला आणि आम्हा दोघांना हात धरून काठावर घेऊन गेला.