बेंजोच्या डब्याले भोक

टेकचंद: अबे भोजराज, बेंजोच्या चांगल्या स्पीकरच्या डब्याले भोक कायले पाडा लागते? वाजून नाई राहिला का?

भोजराज: वाजते गा! कितीदा सांगू? यातून वायर काढून मंडपातल्या मोठ्या लाउडस्पीकरच्या सेटले जोडाची आहे. संध्याकाळी नाकाडोंगरीच्या मंडईच्या जत्रेत नाटक, अन् तू अजून पेचकसच शोधून राहिला. साऱ्या तुमसरात रेडिओ मेकॅनिक म्हणून तूच सापडला मले!

टेकचंद: आतापर्यंत कसं करत होता?

भोजराज: डब्याच्या तोंडापुढं माइक ठेवत होतो.

टेकचंद: मंग तसाच ठेव.

भोजराज: मंडपवाल्या सेवकरामजवळ दोनच माइक आहेत. एक स्टेजवर टांगते, दुसरा माह्या बेंजोपुढं. अन् गाणं म्हणणारी ही आत्या तशीच, बिनामाइकची!

गिरजाबाई: मले नको तुमचा माइक. तू चड्डीत होता तेव्हापासून गाऊन राहिली मी.

भोजराज: हे ब्याऐंशी साल आहे, आत्या. करडी गावच्या नाटकाले मागं बसलेली मंडळी काय ओरडली, ऐकलं ना? 'बाई नुसती तोंड हालवते का?'

गिरजाबाई: टायफाइडनं आवाज बसला माहा. मेली नाई मी!

भोजराज: ते भय्यालालले सांग. नाटक कंपनी त्याची आहे. नागपूरची पोरगी ठरवून बसला तो. आज ऐकू नाई आली, तं उद्यापासून तुही जागा तिले.

गिरजाबाई: तं देऊ दे!

टेकचंद: भांडा तुमी. पन ही वायर इथं कोणं लटकवली?

भोजराज: मीच. स्पीकरच्या दोन टोकांवरून काढली होती. सेटमधून असा फाटका आवाज आला, का सेवकराम मारायले धावला.

टेकचंद: फाटनच! स्पीकरवर आवाज दांडगा होऊन येते. तोच मोठ्या सेटले देल्ला, तं तो काय करन? त्याले बारीक आवाज पायजे. तो इथून, व्हॉल्यूमच्या बटनापासून घ्या लागते. मधात एक कंडेन्सर. अन् वायर जाळीवाली, नाई तं घूंऽऽ करन.

भोजराज: मंग लाव ना! भाषण कायले देते?

टेकचंद: करंटची लाइन गेली, दिसत नाई? झाळाची, सोल्डर कराची कैया समोरच्या चायवाल्याच्या शेगडीत तापून राहिली.

गिरजाबाई: शेगडीत! अन् इकडं आमची बस जाते निघून.

(सेलवर चालणाऱ्या डब्याला सॉकेट बसलं. वायर दुकानातल्या बॅटरीच्या सेटला जोडली.)

टेकचंद: वाजव.

भोजराज: आला! साफ आला, टेकचंद! ना फाटला ना घुमला.

टेकचंद: अन् तुमचा दुसरा माइक मोकळा. आता हा दुकानातला घ्या, आत्याबाई.

गिरजाबाई: नको म्हणतलं ना!

टेकचंद: मले एवढं राबवलं. एक ओळ तं म्हणा.

गिरजाबाई: 'धान निसवला बांधावरी गंऽ, कोण पाहुणा आला...' अगं बाई. हा माहा आवाज?

भोजराज: तुहाच.

गिरजाबाई: दम लागते तेही ऐकू येऊन राहिलं. वर जातानी चिरते. तुले ठाऊक होतं?

भोजराज: दुखण्यातून उठली तेव्हापासून. पट्टी उतरव म्हणून किती डोकं फोडलं तुह्यापुढं! ऐकते कुठं तू?

गिरजाबाई: कशी उतरवू? खाली गायलं तं मागं बसलेल्या बायकाईपर्यंत पोचतच नव्हतं. म्हणून ताणत होती मी.

भोजराज: हे पयले काहून नाई सांगतलं?

गिरजाबाई: तू ईचारलं कधी? नुसता ओरडते.

टेकचंद: तिकडं पाहा. चायवाला कप धुवाचा थांबला.

गिरजाबाई: एवढ्या दूरून ऐकू आलं त्याले?

भोजराज: आलं ना, आत्या.

गिरजाबाई: मंग काळी चारची पट्टी सोड. खालची, काळी दोननं घे, हळूहळू.