मशीन काऊन बंद पडे, ते कोनालेच समजलं नाई

मी सावली गावची. बाबा धानाच्या बांधीत मजुरीले जाय, माय बी जाय, अन् आमच्या घरात मॅट्रिक झालेली पयली मीच. मंग टायपिंग शिकली, चंद्रपूरले सरकारी कचेरीत लागली. काय सांगू तुमाले भाऊ, तवा वाटलं आता आपलं झालं.

मंग कचेरीत कम्प्युटर आला. मले नागपूरले ट्रेनिंगले पाठवलं, तं बाकीचे टायपिस्ट रुसले. आमाले धड पंखा नाई अन् कम्प्युटरले एसी, दाराबाहेर चपला काढाच्या. सुरुवातीले बरा चालला, पन उनाळा लागला अन् बिघडून राह्यला. टाइप करता करता पडदा जागच्या जागी थांबे, कोनतंबी बटन दाबा, हाले नाई. बंद करून पुन्हा लावा तं इंग्रजीत ओळ ये, डिस्क वाचता येत नाई म्हने, अन् दिवसभराचं काम पान्यात. मी फ्लॉप्या बदलून पाह्यल्या, वायरी काढून पुसल्या, कोळशाची धूळ तं चंद्रपुरात कुठी नाई? नागपूरचा इंजिनिअर आला, त्यानं खोलला, झटकला, म्हने लाइन कमीजास्त होते, स्टॅबिलायझर बसवून गेला. त्याची एसटी वरोऱ्याले पोचली नसन, का पडदा पुन्हा थांबला. पुढच्या खेपेले त्यानं आतला एक भाग बदलला, तरी तेच. मंग म्हने बाई, मलेच समजून नाई राह्यलं. खरं बोलला बिचारा.

साहेब मातर म्हने, मशीन चांगलं हाये, हात चांगला पायजे, कोट्यातून मानसं घेतली का असंच होते. सर्वाईसमोर म्हने. मी पुन्हा वायरी पुसाले लागली.

त्याच दिवसात बाबाचा दमा वाढला होता. म्हने पोरी, तुझं मशीन पाह्याचं हाये, माझं नाव त्या उजेडात कसं दिसते ते पाह्याचं हाये. म्या म्हटलं बाबा, त्यात मराठी येत नाई, इंग्रजीच येते. तं म्हने येऊ दे, नाव तं माझंच राहीन ना.

आला एसटीनं, धुतलेलं धोतर नेसून. साहेब दौऱ्यावर होते. बाबाले माझ्या खुर्चीवर बसवलं, मशीन लावलं, सुरू झालं, मले एवढा आनंद झाला. नाव लिहाले लागली, अन् अर्ध्यातच पडदा थांबला. बाबा म्हने झालं का? म्हटलं नाई बाबा, अर्धंच आलं. बंद केलं, लावलं, बंद केलं, लावलं, काई नाई, काळा पडदा. बाबा बसून राह्यला, माझ्या हाताकडे पाहत राह्यला. मंग गाडीची वेळ झाली तं उठला, म्हने राहू दे पोरी, त्याले बी दम लागत असन.

पुन्हा आला नाई. पावसाळ्यात गेला.

मशीनबी मंग सुधरलंच नाई. त्याच्यावर चादर टाकली, अन् मले आवक-जावकमध्ये बसवलं, येनाऱ्या-जानाऱ्या टपालावर शिक्के मारते. आता नवीन मशीन येनार म्हनतेत, ट्रेनिंगले गडचिरोलीकडची नवी पोरगी निवडली. काल माझ्यापाशी आली, म्हने बाई, बंद पडलं तं काय करा लागते? म्हटलं मले मालूम नाई माय. जा, चांगलं शीक. पन बंद पडलं तं आपल्याच हातानं पडलं असं मनात आनू नको, ते म्हनाले दुसरे लय हायेत.